उपाशी उंदराचा पुरावा

ओकच्या रानातून रस्ता जाणार होता. तो अडवायचा तर तिथे डॉरमाउस हा दुर्मीळ उंदीर राहतो, याचा पुरावा हवा. हा पठ्ठ्या हेझलनटच्या कठीण कवचाला गोल भोक पाडून गर खातो. निवृत्त शिक्षिका थर्झाबाईंनी उंदराची वाट न बघता कानशीने बारा हेझलनट कोरले आणि झुडपाखाली पेरून ठेवले. पाहणीला आलेला अधिकारी त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. त्याने भिंगातून एकेक हेझलनट न्याहाळला. "बाई, भोक झकास पाडलंय, पण गर तसाच आहे!" हार मानतील तर त्या बाई कसल्या! "डाएटवर असेल बिचारा!" "बाराही वेळा?" अधिकाऱ्याने रानाकडे पाहिलं, ओंडक्यावर बसकण मारली, टाचणीने एकेक गर उकरून बकाबका तोंडात कोंबला. फुगलेल्या गालांनी म्हणाला, "अहवालात लिहितो बाई, कुरतडून साफ केलेत मेल्याने!"