चार ओव्यांची फलश्रुती

बारा वर्षं खपून नांदगावच्या गोवर्धनबुवांनी बारा अध्यायांची पोथी लिहिली, पण ऐकायला कुणी फिरकेना. हताश होऊन त्यांनी शेवटी चार ओव्यांची फलश्रुती जोडली: जो ही पोथी वाचेल, त्याच्या कापसाला चढता भाव मिळेल. त्याच साली विलायतेत कापसाची टंचाई पडली आणि इथला भाव दुप्पट झाला. मग काय, अकोल्यापर्यंत घरोघरी लोक त्या चार ओव्या उतरवून घेऊन रोज वाचू लागले.

"अन् बाकीची पोथी?" बुवांनी एकदा सूर्यभान पाटलांना विचारलं.

"ते कायले वाचू, बुवा? फळ तं शेवटीच हाये."

तीन वर्षांनी भाव धाडकन कोसळला. पाटलांनी सारं गाव देवळात गोळा केलं. "वाचन्यात आपलंच चुकलं असन. आता पयल्या अक्षरापासून वाचू," ते म्हणाले आणि पहिला अध्याय सुरू झाला.

बुवांच्या घरातही कापूस विकायचा पडून होता. तरी मागच्या खांबाला टेकून ते डोळे मिटून पुटपुटत होते,



"देवा, बारावा अध्याय होयेपर्यंत भाव चढू देऊ नोको."