शून्य नंबरचं घर

मुंबईत कॉम्प्युटरवर काम करणारा इंद्रभान गावी आल्यापासून धड जेवत नव्हता. त्याच्या प्रोग्राममुळे डिस्कवर एका पोराचे मार्क दुसऱ्याच्या जागी पडत होते, निकाल अडला होता आणि साहेबांनी घरी पाठवलं होतं. आज तुरीच्या शेंगा सोलता सोलता तो ताडकन उठला, एस्टी पकडून रिसोडच्या पोस्टात गेला. पोराचं डोकं फिरलं की काय, म्हणून त्याची आई लिलाबाई मागोमाग गेली. ट्रंककॉल लागताच तो ओरडला, “साहेब, मार्क ठेवायचा पत्ता एकानं चुकतो! डिस्कवरचं पहिलं घर एक नाही, शून्य धरा!” लिलाबाईला काही उमजेना. “शून्य नंबरचं घर कोनाचं रे?” बऱ्याच वेळानं पलीकडून “जमलं!” ऐकू आलं आणि इंद्रभान रडू लागला. ती घाबरली. “कोनी गेलं का बापू?” “नाई माय, मले भूक लागली.” एवढं मात्र तिला कळलं.