समक्ष हजर

कारखानीस भाऊसाहेब तालुक्याच्या कचेरीत पेन्शनींचे हिशेब पाहत. पेन्शनर स्वतः समोर उभा राहिल्याशिवाय ते त्याच्या नावापुढे 'हयात' लिहीत नसत. अंथरुणाला खिळलेल्या एका मास्तरांना तर त्यांनी डोलीतून आणवलं होतं. या काटेकोरपणाबद्दल १९४४ साली त्यांना मानपत्र द्यायचं ठरलं, आणि ठाण्याहून साहेब दप्तर तपासायला आले.

साहेबांनी वही मिटली. "भाऊसाहेब, श्रावणात पटकीच्या साथीने मुरबाडकडे घरंच्या घरं रिकामी झाली. तुमचे एकतीसच्या एकतीस पेन्शनर हयात कसे? मानपत्राचं सोडा, नोकरी वाचवा."

भाऊसाहेब दुखावले. "समक्ष पाहिल्याशिवाय मी सही करत नाही, साहेब. आज एक तारीख आहे, तुम्हीच पाहा. नवसू, दार उघड."

शिपायाने दार उघडून हाळी दिली, "या रे बाबांनो, एकेक जण या. नि लवकर आटपा, ऊन चढलं का तुमी दिसत नाय."

साहेबांनी रांगेकडे एकदाच पाहिलं आणि मानपत्रावर सही केली.



रांगेत तिसरे त्यांचे वडील होते. श्रावणात त्यांना साहेबांनीच अग्नी दिला होता.