माळावरची मेंढवाट

पुढचं चाक दगडावर आपटलं आणि ऋतुजाचे दात एकमेकांवर आदळले. तिनं ब्रेक दाबला नाही. मेंढवाट जेमतेम वीतभर रुंद. डावीकडं बोराटीची काटेरी झुडपं, उजवीकडं ओढ्याची घळ.

ही माउंटन बाईक सोलापूरला भवानी पेठेत जुनी घेतलेली. गिअर मोडले तेव्हा मिस्त्रीनं ते काढून एकच चक्र ठेवलं. स्प्रिंगा तर मुळातच नव्हत्या. शर्यतीत पोरी हसायच्या, "शॉकअप कुटं इसरलीस गं?" ऋतुजा म्हणायची, "गुडघ्यात हाय की!" आज गुडघेही पुरेनात.

वीस मिनिटांपूर्वी आबांचा, म्हणजे तिच्या आजोबांचा, मोबाइल घरात खाटेखाली वाजला होता. चार्जिंगला लावून ते तसेच मेंढरं घेऊन गेले होते. फोनवर प्रभु होता, टेकडीपलीकडच्या डाळिंबाच्या बागेचे मालक शिवलिंगप्पा अण्णा यांचा मुलगा. सांगोल्याहून बोलत होता.

"धुळाआबा कुटं हायती?"

"तुमच्याच बागेकडं. अण्णांनी गवत चारायला बोलावलंय न्हवं?"

"आरं देवा! सकाळीच मी त्या गवतावर तणनाशक मारलंय. अण्णा मला बोललंच न्हाईत. अडव त्यांना, लवकर!"

सडकेनं बाग बारा किलोमीटर. टेकडीवरनं तीन, पण त्या वाटेनं मोटरसायकल जात नाही. एकशे चाळीस मेंढरं. सारं घर त्यांच्यावर उभं.

चढाला ती पेडलवर उभी राहिली. पाय थांबला की सायकल थांबणार. मांड्या पेटल्या. माथ्यावरनं खाली बाग दिसली. कळप कुंपणापाशी पोचला होता. फाटक सताड उघडं. ती जीव खाऊन ओरडली. वारं उलटं होतं.

उताराला तिनं अंग मागं टाकलं, हात सैल सोडले आणि सायकलला जाऊ दिलं. एकदा घसरली. कोपर सोललं. उठून पुन्हा बसली.

फाटकाशी आली तर आबा काठी आडवी धरून दारातच बसलेले. सगळी मेंढरं बाहेर. एकही आत गेलेलं नव्हतं.

ऋतुजानं मातीत बसकण मारली आणि ती हसत सुटली. "आबा, आत औषध मारलंय! तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? परक्या रानात आदी मेंढक्यानं चावून बघायचं, मग मेंढरू सोडायचं. माज्या बापापासनं तसंच हाय. चार ठिकाणचं गवत चावलं. लई कडू. एक घास गिळला बी." आबांनी हिरवे ओठ बाहीला पुसले. उठायला गेले आणि पुन्हा खाली बसले. "जीभ जड झालीया गं. तुज्या सायकलीवर दोघं मावतील का?"