बोलू दे तिले

जानेफळच्या भाजीवाल्या बायांच्या गटाची यादी प्राचीनं मोबाइलवर आणली, आणि तिची आजी सोजराबाई पहिल्याच फटक्यात अडकली. अध्यक्षीण साठीच्या आतलीच पाहिजे, हा गटाचा नियम. खुर्ची टिकवायची तर आज लेकराबाळांसकट नाव-वय चढायलाच हवं होतं. पण बटण दाबलं की फोन एवढंच म्हणे, "काहीतरी चुकलं."

"आजी, मागं जावास्क्रिप्टची लायब्ररी, म्हंजे तयार प्रोग्राम, हाये. ती माहिती साठवते, अन् चुकलं त कारणबी सांगते. मीच ते वर येऊ दिलं नाही," प्राची पुटपुटली.

"काऊन वं? मी सुनेले नावं ठेवतो, त मीठ चुकलं का तेल, हे तोंडावर सांगतो! तुही लायब्ररी नुसती गाल फुगवून बसते. चारचौघीत बोलू दे तिले. आपल्याले कोनाचं भेव हाये?"

प्राचीनं दोन ओळी बदलल्या. सोजराबाईनं जमलेल्या बायांकडे ऐटीत पाहिलं आणि बटण दाबलं. फोन खणखणीत आवाजात बोलला,



"मोठा मुलगा आईपेक्षा फक्त सहा वर्षांनी लहान आहे. कृपया आईचे वय तपासा."