झाडवाले हवालदार

“झाड कुठलं होतं?” अपील मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं.

“झाड नव्हतंच, साहेब. तोफगोळा होता.”

“पण इथे तुमच्याच तोंडचं लिहिलंय. लहानपणी झाडावरून पडलो, गुडघ्यात फांदी घुसली, तेव्हापासून लंगडतो.”

हवालदार टाचा जुळवून उभे होते. डावी टाच जमिनीला टेकत नव्हती, म्हणून उजवीच दोघींचं काम ओढत होती. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. गोळ्याची कपची गुडघ्यातून आरपार गेली. सोबत्यांनी जखम बांधली, लपवली, कशीबशी भरत आणली. पण लंगडणं लपेना. छावणीतल्या डॉक्टरच्या ते नजरेस पडलं. आता हा आपल्याला घरी धाडणार आणि तुकडी आपल्याशिवाय पुढे जाणार, या धास्तीने हवालदारांनी ठोकून दिलं, “जुनंच आहे, साहेब. झाडावरून पडलो होतो.” डॉक्टरने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. पायाला गोळा लागला तो शत्रूचा. पायावर धोंडा पाडून घेतला तो स्वतःचा.

जखमी सैनिकाच्या पदकासाठीचं हे तिसरं अपील. आधीची दोन्ही त्या झाडाने खाल्ली होती. पहिल्या नकाराचं पत्र पोस्टमनने दारातच मोठ्याने वाचून दाखवलं आणि गल्लीभर ‘झाडवाले हवालदार’ हे नाव कायम झालं. फळवालासुद्धा पेरू तोलताना विचारी, “हवालदार, कुठल्या फांदीचे देऊ?” पदकाबरोबर ना पैसा होता ना बढती. पण निदान झाडावरून खाली तरी उतरता आलं असतं. आज नाही तर कधीच नाही. यानंतर अपील नव्हतं.

अध्यक्षांशेजारी बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी गुडघा दाबून पाहिला होता. “खूण कपचीची असू शकते, तशी फांदीचीही असू शकते,” त्या म्हणाल्या. “लष्करात जाण्याआधी तुम्हाला नीट चालताना पाहिलेलं कुणी आहे का?”

“होते पुष्कळ. एकेक करून सगळे वरच्या तुकडीत बदलून गेले.”

“म्हणजे कुणीच नाही.”

दाराजवळच्या बाकावरून खोकल्याचा आवाज आला. तिथे त्यांची बायको पाण्याची बाटली आणि औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. गोळीची वेळ झाली असणार, असं समजून हवालदारांनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

“मी पाहिलंय,” ती म्हणाली.

हवालदार गर्रकन वळले. या बाईने संसारभर एकच तुणतुणं वाजवलं होतं. लग्नाआधी ह्यांचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं, बाबांनी गळ्यात बांधलं, पाहिलं असतं तर पायरी चढू दिली नसती. नातवंडांनासुद्धा ते पाठ होतं. भाजी खारट झाली की तेच, घड्याळ बंद पडलं की तेच.

“साहेब, ही खोटं बोलतेय,” हवालदार म्हणाले. “हिने मला लग्नाआधी कधी पाहिलंच नाही.”

“तुम्ही गप्प बसा हो,” बायको म्हणाली. “झाडाच्या वेळी बोललात तेवढं पुरे झालं.”

ती टेबलासमोर येऊन उभी राहिली. “साहेब, तेव्हा हे सायकलच्या दुकानात कामाला होते. समोर माडीवर आमचा शिवणवर्ग. संध्याकाळी दुकान बंद झालं की हे रस्त्यावरचा एक खडा धरायचे आणि डाव्या पायाने उडवत उडवत थेट वळणापर्यंत न्यायचे. खडा तोच, पाय तोच. मध्येच गटारात गेला तर काढून आणायचे. लंगड्याला जमेल का हे?”

“नाही जमणार,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तो खडा हवालदारांना स्वतःलाही आठवत नव्हता.

“बाई, पण हे एकदाच पाहिलं असेल,” अध्यक्ष म्हणाले.

“रोज. बोटांची चाळण झाली होती सुईने. बाकीच्या मुली ब्लाउजला आल्या तरी मी आपली रुमालावरच.”

“आणि लढाईहून परत आले तेव्हा?”

“तेव्हा खिडकीखालून काठी टेकत गेले. बाबा म्हणाले, आता हे स्थळ नको, पाय गेलाय पोराचा. मी जेवण सोडलं.” ती पदराशी चाळा करू लागली. “आई मधे पडली म्हणून बाबा कबूल झाले.”

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. “बायकोची साक्ष नवऱ्याच्या बाजूचीच असणार. किती धरायची?”

“सगळी धरा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बाईंच्या चेहऱ्याकडे बघा. स्वतःचं एवढं नुकसान करून घेऊन कुणी खोटं बोलत नाही.”

दोघांनी डोकी जवळ आणली. कोपऱ्यात जबान्या टाइप करणाऱ्या कारकुनाने यंत्रावरची बोटं थांबवली. बायको मात्र खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चालल्यासारखी तिकडेच बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते.

“अपील मंजूर,” अध्यक्ष म्हणाले. “हवालदार, अभिनंदन. पदक महिन्याभरात घरपोच येईल.”

हवालदारांनी सलाम ठोकायला हवा होता. ते टेबलावर वाकले.

“पदक सवडीने येऊ द्या, साहेब,” ते हळूच म्हणाले. “आधी हिच्या जबानीची एक नक्कल द्या, सहीशिक्क्याची. घरी पोचेपर्यंत ही शब्द फिरवेल.”