थोडं थोडं ऊन

"अहो, आज दीड तास हं," म्हणत निर्मलाताईंनी वांगी-मिरचीच्या रोपांचा ट्रे अंगणातल्या उन्हात ठेवला आणि शेजारी खुर्ची मांडली. त्र्यंबकराव बसले. घरात वाढवलेली रोपं एकदम बाहेर लावली तर माना टाकतात, रोज थोडं थोडं ऊन द्यावं लागतं, हे त्यांना पटलं होतं. चिमण्या हाकलायला माणूस हवा, हेही पटलं होतं.

निवृत्तीनंतर आठ महिने त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. "सध्या काय करता?" असं कुणी विचारायला नको म्हणून. आता फाटकाशी थांबणाऱ्याला ते ऐटीत सांगत, "रोपं राखतो."

शनिवारी कॅलेंडरवर त्यांना बायकोचं अक्षर दिसलं.

सोमवार: वांगी एक तास, मिरची एक तास, आमचे हे अर्धा तास.
बुधवार: वांगी दोन, मिरची दोन, आमचे हे दीड.
गुरुवार: वारा सुटला, सगळ्यांना आत घेतलं.

त्र्यंबकरावांचे कान तापले. ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात उद्याची नोंद दिसली.

रविवार: वांगी वाफ्यात, मिरची कुंडीत, आमचे हे मंडईत. एकटे.

खिळ्याला धुतलेली पिशवी लटकत होती.

"अगं," उघडलेल्या तोंडातून एवढंच निघालं, "मंडईत सावली असते ना?"